परभणीत विकासावर भांडावं कसं? नवख्यांसाठी पहिलं पुस्तक

बदली होऊन, लग्न होऊन किंवा कृषी विद्यापीठात नंबर लागून तुम्ही परभणीत आला असाल, तर पहिल्याच आठवड्यात तुमच्या कानावर दोन म्हणी पडतील. एक, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. दुसरी, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. दोन्ही एकच माणूस ऐकवतो, बहुधा एकाच चहात. पहिली म्हण चहा येण्याआधी, दुसरी पैसे देताना. यातली खरी कोणती, असं विचारू नका. तुम्ही कालच उतरलात हे लगेच कळून जातं.

मात्र नुसत्या म्हणींवर फार दिवस निभत नाही. इथं चार माणसांत उठबस करायची तर रस्ता, रेल्वे आणि धंदा या तीन विषयांवर तावातावानं भांडता यायला हवं. हे शाळेत शिकवत नाहीत. मी मोंढ्यात, म्हणजे इथल्या धान्यबाजारात, मुनीमकी करण्यात आयुष्य घालवलेला माणूस; खतावण्या लिहिता लिहिता जे कानावर पडलं, ते सांगतो.

तयारी फारशी लागत नाही. जागा म्हणून वसमत रोडवरची कुठलीही टपरी चालेल, पण नव्या मोंढ्यातली सौदे आटोपल्यावरची दुपार सगळ्यात उत्तम. जवळ कालचा पेपर ठेवा. आजचा नको, आजच्या बातमीचा खुलासा अजून यायचा असतो. शिवाय एक रुमाल. तो रस्त्यानं जाताना नाकाला बांधायचा आणि स्टेशनवर गाडी आली की खिडकीतून सीटवर टाकायचा. जिल्ह्याचं सगळं दळणवळण त्या एका रुमालात येतं.

हात बसायला पेट्रोलपासून सुरुवात करावी. पंपावर जा, शंभराचं टाका आणि दराच्या पाटीकडे बघून नुसती मान हलवा. तुम्ही काही बोलू नका, शेजारचा आपोआप बोलतो. परभणीचं पेट्रोल राज्यात बहुधा सगळ्यात महाग, कधीकाळी देशातसुद्धा. २०१८ च्या सप्टेंबरात ते नव्वदीला टेकलं तेव्हा दिल्लीच्या वाहिन्यांना नकाशात परभणी शोधावी लागली. २०२१ मध्ये शंभरीची चर्चा सुरू झाली तेव्हा पुन्हा आमचंच नाव. एवढी फुकट प्रसिद्धी या जिल्ह्याला दुसऱ्या कशानं मिळालेली नाही.

नवखा इथं एक चूक हमखास करतो. तो म्हणतो, "कर फार लावलाय हो." मग समोरचा शांतपणे विचारतो, "मग पुण्यात कर नाही का?" आणि नवखा आडवा होतो. कर पुण्याला तोच, परभणीला तोच. फरक पडतो तो टँकरच्या भाड्याचा. इथलं बरंचसं इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून येतं, आणि मनमाड ते परभणी रुळानं मोजलं तरी २९० किलोमीटर भरतं. टँकर जेवढा चालला तेवढं पाटीवर चढलं. मग तेच डिझेल ट्रकमध्ये पडतं आणि तो ट्रक आपला साबण, सिमेंट, पाइप, वह्या घेऊन येतो. म्हणजे परभणीकर एकाच अंतराचं भाडं दोनदा भरतो, आधी टँकरचं आणि मग त्या डिझेलवर चालणाऱ्या ट्रकचं. हे नीट लक्षात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल. भर सभेत हा मुद्दा सहसा कुणी काढत नाही. टँकरच्या भाड्याचं भूमिपूजन करता येत नाही ना.

आता थोडे शब्द शिकून घ्या. 'तत्त्वतः मान्यता' म्हणजे सुपारी फुटली, तारीख मागाहून कळवू. 'डीपीआर' म्हणजे पत्रिका बघायला दिलीय. 'मावेजा' हा शब्द मात्र जपून वापरा. पुण्या-मुंबईकडे ज्याला मोबदला म्हणतात तो इथं मावेजा, आणि तो उच्चारला की हसणं बंद करायचं असतं. का, ते पुढे येईल. सगळ्यात भारदस्त शब्द 'अनुशेष'. १९८३ साली दांडेकर समिती नेमली गेली. कुठल्या भागात रस्ते किती कमी, पाणी किती कमी, शाळा किती कमी, याचा तिनं हिशेब मांडला आणि मराठवाड्याला आपलं मागासलेपण पहिल्यांदा आकड्यांत छापून मिळालं. पुढे १९९४ ला वैधानिक विकास मंडळ आलं. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. त्यामुळे आता अनुशेष आहे, पण तो मोजायला मंडळ नाही. वादात याचा मोठा फायदा होतो, कुठलाही आकडा ठोकून द्या, खोडायला कुणी येत नाही.

रेल्वे हा तब्येतीनं घ्यायचा विषय आहे. इथं घाई केली की माणूस उघडा पडतो.

आधी इतिहास. निजामाच्या राज्यात, १९०० च्या आगेमागे, मनमाड ते सिकंदराबाद असा मीटरगेज मार्ग टाकला. मुंबईकडची गाडी रुंद रुळावर, आमची अरुंद. त्यामुळे माल मनमाडला उतरवायचा आणि हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या गाडीत चढवायचा. मानवत-सेलूच्या कापसाची गठाण मुंबईला पोचायच्या आधी अशी एकदा जमिनीला टेकायचीच, आणि टेकली की पैसे लागायचे. रुळांचं रुंदीकरण व्हावं म्हणून दोन पिढ्या भांडल्या. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या मराठवाडा जनता विकास परिषदेनं तो रेटा सोडला नाही. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात वसमतला गोळीबार झाला. वसमत तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं. रुंद रूळ आले ते नव्वदच्या दशकात. हे सांगताना आवाज खाली आणा. टपरीच्या बाकड्यावर एखादा पांढऱ्या टोपीचा म्हातारा बसलेला असतो, तो चौऱ्याहत्तर साली रस्त्यावर होता. त्याच्यासमोर 'आंदोलनानं काय होतंय' असलं वाक्य टाकू नका.

मग वर्तमान. परभणी ते मुदखेड दोन रूळ झाले. परभणीहून संभाजीनगरकडे मात्र एकच. ३१ जुलै २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं त्या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली, खर्च २,१७९ कोटी. आकडा तोंडपाठ करा, पण एकेरी रुळाचा अनुभव पाठ करून येत नाही. त्यासाठी मे महिन्यात दुपारी गाडीत बसा. ढेंगळी पिंपळगावला गाडी थांबते. आधी पंखा ऐकू येतो, मग त्याचाही आवाज कानाला सवयीचा होतो. शेंगावाला डब्यातून दोनदा फिरून जातो. कुणीतरी विचारतं, "कामून थांबली हो?" "क्रॉसिंगय." एवढ्यावर सगळा डबा समाधानानं परत झोपतो. पलीकडून गाडी धडधडत निघून जाते आणि तरीही आपली पाच मिनिटं हलत नाही. ही पाच मिनिटं कशासाठी असतात, हे मला या वयातही उमगलेलं नाही.

इथं एक हुकमी पत्ता आहे: 'आपण दक्षिण मध्य रेल्वेत आहोत.' नांदेड विभाग २००३ साली वेगळा झाला, तरी मुख्यालय सिकंदराबादलाच. गाडी मिळाली नाही, डबे कमी आले, वेळापत्रक गैरसोयीचं निघालं, तर हा पत्ता टाका: "निजाम गेला, पण टाइमटेबल तिथंच राहिलं." मराठवाडा मध्य रेल्वेला जोडा, ही मागणी फार जुनी आहे आणि त्यात तथ्यही आहे; मुंबईला जाणाऱ्या माणसाचा निर्णय हैदराबादेत का व्हावा? फक्त समोर सोलापूरचा कुणी नाही ना, हे आधी बघा. तो मध्य रेल्वेतलाच असतो. त्याची गाऱ्हाणी ऐकली की आपला मुद्दा मऊ पडतो.

श्रेयाचा धडा यातच उरकून घेऊ. २६ ऑगस्ट २०२५ ला मुंबईची वंदे भारत जालन्याच्या पुढे नांदेडपर्यंत आली आणि परभणीला थांबू लागली. अशा वेळी स्टेशन रोडवरचे फलक वाचणं हा अभ्यासाचा भाग समजा. ज्यानं पाठपुरावा केला तो, ज्यानं निवेदन दिलं तो, ज्यानं झेंडा दाखवला तो आणि ज्यानं झेंड्याच्या दांडीला हात लावला तो, असे चार प्रकारचे शिल्पकार असतात. नवख्यानं कुठल्याही फलकाखाली उभं राहून फोटो काढू नये, पुढच्या निवडणुकीत तो बाहेर येतो. आमच्या मोंढ्यातले एक किराणावाले त्या दिवशी पेढा खाऊन म्हणाले, "गाडी झकासच आहे हो. पर तिच्यात माझं पोतं चढतंय का?" सगळे हसले. ते हसले नव्हते.

महामार्गाच्या वादात आपली बाजू आधीच ठरवून जाऊ नका. समोरच्याची बघा आणि उलटी घ्या. शक्तिपीठ महामार्ग वर्धा जिल्ह्यातल्या पवनारहून गोव्याच्या वेशीवरच्या पत्रादेवीपर्यंत आखलाय. मूळ आखणीत तो ८०२ किलोमीटरचा, १२ जिल्ह्यांतून जाणारा, त्यातला एक जिल्हा आपला. २४ जून २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं मान्यता दिली आणि भूसंपादनासाठी २० हजार कोटींची तरतूद केली. बाजूनं बोलायचं असेल तर 'अठरा तासांचा प्रवास आठ तासांत' म्हणा, देवस्थानांची नावं घ्या आणि शेवटी 'पर्यटन' हा शब्द सोडून द्या. विरोधात बोलायचं असेल तर 'नागपूर–रत्नागिरी महामार्ग असताना शेजारी दुसरा कशाला' हे विचारा. हा प्रश्न खरोखर चांगला आहे. परभणीतून गोव्याला नेमका कोणता माल जाणार, असंही एकदा मी मोंढ्यात विचारून बघितलं. बराच वेळ विचार करून एकजण म्हणाला, "नवी लग्नं झालेली पोरं."

आणि मग कुणीतरी मावेजाचं नाव काढतो. थट्टा तिथंच थांबवा.

समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटरचा, ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. तो परभणी जिल्ह्यात शिरत नाही. त्याला जोडायला जालना–नांदेड द्रुतगती मार्ग आखला, तो मात्र आपल्या शिवारातून जातो. समृद्धीसारखाच मावेजा आम्हालाही द्या, एवढं त्यात जमीन जाणाऱ्या शेतकऱ्यांचं म्हणणं. शक्तिपीठाच्या मोजणीलाही जिल्ह्यात विरोध झाला. बाहेरच्या माणसाला वाटतं, पैसे मिळतायत तर अडतंय कुठं? जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालची काळी जमीन त्यानं पावसाळ्यात बघितलेली नसते. पायाला किलो-किलो चिकटते. तिचा भाव रेडी रेकनरच्या तक्त्यातून निघतो आणि तक्त्यात चिकटपणाचा रकाना नसतो. पैसे आले की तेवढीच जमीन शेजारच्या गावात घ्यायला जावं, तर तिथला भाव महामार्गाच्या बातमीनं आधीच वर गेलेला असतो. या विषयावर टपरीवर जिंकू नये. ऐकून घ्यावं.

व्यापाऱ्याची अडचण वेगळीच. असल्या महामार्गावर हवं तिथं चढता-उतरता येत नाही, कडेला ढाबा नाही, पंक्चरवाला नाही, उसाचा रस नाही. कल्याण–निर्मल रस्ता, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग ६१, पाथरी, मानवत, परभणी असं करत गावागावांतून गेला, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं उभी राहिली. बायपास झाला की ट्रक गावाबाहेरून जातात. गल्ला कमी होतो, अपघातही कमी होतात. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही सांगणारी माणसं बहुधा एकाच घरातली असतात. बापाचं दुकान नाक्यावर, लेकरू शाळेत पायी जाणारं.

जिल्ह्याबाहेर नेणाऱ्या रस्त्यांवर एवढं बोलून झाल्यावर जिल्ह्यातल्या रस्त्यांसाठी कुणाच्या अंगात त्राण उरत नाही. तरी एकदा तालुक्याच्या रस्त्याला लागून असलेल्या एखाद्या दुकानात उभे राहा, काम चालू असताना. मी राहिलोय. दुकानासमोर खोदून ठेवलेलं, त्यावर एक फळी टाकलेली. बाई पिशवी घेऊन त्या फळीवर चढते, फळी मधोमध लवते, बाई परत मागं येते आणि पलीकडूनच ओरडते, "दादा, अर्धा किलो साखर इकडंच फेका की!" दादा साखर फेकत नाहीत. ते बिस्किटांच्या बरणीवरची धूळ पुसत राहतात, पुसून झाली की पहिल्या बरणीपासून पुन्हा. त्यांना भूसंपादनाचा मावेजा नाही, कारण त्यांची जमीन गेलेली नाही. गेलं ते गिऱ्हाईक, आणि त्याचा पंचनामा होत नाही. कंत्राटदाराचं नाव विचाराल तर सांगणार नाही. मलाही नाक्यावरूनच जायचं असतं.

धोरण नावाचाही एक पाठ आहे, पण तो कोरडा आहे, पटकन आटपू. उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना राज्यात १९६४ पासून आहे. तिच्यात तालुक्यांना अ, ब, क, ड, ड अधिक अशी अक्षरं मिळतात. जितकं अक्षर खाली तितकी सवलत जास्त, म्हणजे नापास होण्यात फायदा असलेली ही एकमेव परीक्षा. आमचा मुक्काम तळाशी. त्यातही १ मे १९९९ ला आमच्यातून वेगळा झालेला हिंगोली 'विना-उद्योग जिल्हा' ठरून आमच्याही पुढे गेला. वेगळं निघालेल्या भावाची भरभराट बघवत नाही म्हणतात ते हेच असावं. या सवलती कारखाना काढणाऱ्याला, तोही मुख्यतः करपरताव्यातून. म्हणजे आधी माल बनवा, विका, कर भरा, मग मागा. मोंढ्यातल्या आडत्याला, किराणावाल्याला, जिनिंगला माल पोचवणाऱ्या छोट्या हत्तीवाल्याला यातलं काही लागू होत नाही. भाषणात मात्र 'स्थानिक उद्योजक' म्हणून हात याच लोकांकडे केलेला असतो.

घोषणांचा विषय निघालाच आहे तर पाथरीचा उल्लेख करावाच लागेल. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीसाठी १०० कोटींची घोषणा केली आणि १९ तारखेला शिर्डी बंद झाली. घोषणेनं दुसऱ्या जिल्ह्यातली दुकानं बंद पडावीत, एवढा दबदबा आमच्या वाट्याला तेवढ्यापुरताच आला. पाथरीकर लॉजवाला अजून यात्रेकरूंची बस कुठं वळवून लावायची, याच विचारात आहे.

निवडणुकीत या सगळ्याचं काय होतं, हे नवख्याला जाणून घ्यायचं असतं. फार काही होत नाही. या जिल्ह्यातल्या कितीतरी निवडणुका 'खान पाहिजे की बाण' या एकाच सवालावर गेल्या, त्यात खड्डा कुठं बसवणार? २०२४ च्या लोकसभेला महादेव जानकर शिट्टी हे चिन्ह घेऊन उभे होते आणि मशाल घेतलेले संजय जाधव तिसऱ्यांदा निवडून आले. शिट्टी, मशाल, गावभर प्रचार. क्रॉसिंग तेवढं जिथल्या तिथं. यात मी दोघांपैकी कुणालाच दोष देत नाही. मत मागायला आलेल्याला आपणच कधी रस्त्याचं विचारत नाही.

आता शेवटचा भाग, आणि हा करून बघायचा आहे. मोंढ्यातल्या कुठल्याही दुकानात गल्ल्याच्या मागं खिळ्याला एक तार लोंबत असते. तिच्यात बिल्ट्या ओवलेल्या असतात. गुलाबी किंवा पिवळा कागद, कार्बनची निळी पुसट अक्षरं, माल कुठून आला, नग किती, आणि कोपऱ्यात 'टू पे' असा शिक्का. म्हणजे भाडं इथं द्यायचं. त्याखाली हमाली. मुनीमकीत मी असल्या हजारो बिल्ट्या खतावल्या. सरकार बदललं, महामार्गांची नावं बदलली, उद्घाटनांना मी मालकासोबत दुसऱ्या रांगेत बसून आलो. दुसऱ्या दिवशी भाड्याच्या रकान्यात आदल्या दिवशीपेक्षा कमी आकडा लिहिल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी टपरीवर कुणी नवा मार्ग, नवी गाडी, नवं पॅकेज सांगायला लागला की अडवू नका, त्याला पूर्ण बोलू द्या. चहा आला की विचारा, "दादा, याच्यानं बिल्टीवरचं भाडं किती उतरंल?" उत्तर मिळालंच तर कृपा करून मला कळवा. नव्या मोंढ्यात मुनीमजी म्हणून विचारलं तर कुणीही दाखवेल.